एकच किल्ली

त्याला सगळे ‘तीनदा मास्तर’ म्हणायचे. खरं नाव मतदारयादीत होतं आणि दाव्याच्या पहिल्या पानावर होतं, पण त्या नावानं कुणी हाक मारली तर तो आधी मागं वळून बघायचा, आपल्या पाठीशी कोण उभं आहे म्हणून. कुलूप लावलं की ते तीनदा ओढायची त्याची सवय. पहिल्यांदा कुलूप बसलंय का ते बघायला, दुसऱ्यांदा पहिली ओढ नीट होती का ते बघायला, आणि तिसऱ्यांदा कशाला ते त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. चाळीस वर्षं किल्ल्या घासणारा माणूस. लोकांच्या घरात शिरायच्या वाटा रोज स्वतःच्या हातानं घडवायच्या आणि वर लोकांवर विश्वासही ठेवायचा, हे त्याला काही जमलं नाही.

दुकान एवढंसं. पुढं शटर, मागं एक दार, मधे किल्ली आवळून धरायचा लोखंडी शेगडा ठोकलेलं टेबल, भिंतीवर खिळ्यांना कोऱ्या किल्ल्यांचे घोस. वरच्या मजल्यावर घर. दुकानाच्या अंगाला चार हात रुंदीचा बोळ, तो मागच्या रस्त्याला निघायचा, आणि निघायच्या जागी जाड फळ्यांचा दरवाजा. बोळाच्या पलीकडं फोटोला चौकटी करणाऱ्या फ्रेमवाल्याचं दुकान. दरवाजाला मास्तरनं स्वतः घडवलेलं सात लिव्हरचं कुलूप. गावातल्या कुठल्याही कारागिरानं ते तारेनं उघडून दाखवावं, आपण धंदा सोडू, असं तो चारचौघांत म्हणायचा, आणि कुणी खरंच बघायला वाकलं की त्याला हाकलायचा.

त्या कुलपाची किल्ली एकच. गिऱ्हाइकाला तो दोन करून देई, मागितल्या तर तीन, पण स्वतःच्या कुठल्याही कुलपाला एकच. दरवाजाची, दुकानाची, घराची, सगळ्या गळ्यातल्या एका दोरीत, आंघोळीलाही न उतरणाऱ्या. पस्तीस वर्षांच्या संसारात बायकोच्या हाती घराची किल्ली आली नव्हती. बाजारातून आली की ती खालून ‘अहो’ म्हणायची आणि हा जिना चढून कुलूप काढायचा. गुडघे दुखायला लागल्यावर त्यानं जिन्याला कठडा बसवून घेतला, पण दुसरी किल्ली केली नाही.

एक गोष्ट मात्र त्याला खरोखर यायची. कानस धरायची प्रत्येकाची तऱ्हा वेगळी असते, आणि किल्लीच्या दातांवर कानशीचे बारीक ओरखडे उमटतात. कुठलीही किल्ली उजेडात धरून तो सांगायचा, ही स्टँडवरच्या म्हाताऱ्याच्या हातची, ही मशीनवर कापलेली, ही नवशिक्याची. त्याचे स्वतःचे ओरखडे लांब आणि उजवीकडं झुकलेले. त्याच्या मुलीचे आखूड, सरळ, एकमेकांना लागून, पेरलेल्या ओळीसारखे. ही एकुलती एक मुलगी शाळा संपल्यापासून त्याच्या शेजारी बसून काम करायची. सात लिव्हरचं ते कुलूप आतून कसं आहे हे जगात दोघांनाच माहीत होतं, त्याला आणि तिला.

भांडण एका शब्दावरून झालं. फ्रेमवाल्याचं पुढचं दार अरुंद, मोठ्या काचा त्यातून जात नसत. दोन-तीन महिन्यांतून एकदा मागच्या रस्त्यावर काचेचा टेम्पो यायचा, फ्रेमवाला बोळातून हाक मारायचा, “मास्तर, दरवाजा,” मग मास्तर उतरून दरवाजा उघडायचा, शेवटची काच आत जाईस्तोवर उभा राहायचा, कुलूप लावायचा आणि तीनदा ओढायचा. नंतर दोघं फ्रेमवाल्याकडं चहा घ्यायचे. असं वर्षानुवर्षं चाललेलं. आणि एके दिवशी मास्तरच्या कानावर आलं की फ्रेमवाला एका गिऱ्हाइकाला सांगतोय, आमच्या बोळातून या, इकडून जवळ पडेल.

आमच्या. मास्तर हातातली किल्ली तशीच शेगड्यात ठेवून बसून राहिला. त्यात काही नव्हतं, असं बायको म्हणाली. बोलण्याच्या ओघात माणूस म्हणतो. पण मास्तरच्या मनात पाल चुकचुकली ती चुकचुकलीच. आठवड्यानं बोळात फ्रेमवाल्याचा एक लाकडी खोका दिसला. त्याच्या पुढच्या आठवड्यात दोन. खोके कशाचे, कधी नेणार, हे विचारायला दहा पावलं चालावी लागली असती. मास्तर ती चालला नाही. विचारलं की माणूस खोटं बोलतो, त्यापेक्षा नुसतं बघावं, असं त्याचं मत. त्यानं बघितलं, आणि वकील गाठला.

असा तो वादी झाला. हा बोळ माझा आहे, प्रतिवादीला त्यातून जायचा हक्क नाही, असं कोर्टानं ठरवून द्यावं, एवढंच त्याचं मागणं. त्याला वाटलं होतं, एकदा तक्रार टाकली की आता धाप लागेल ती फ्रेमवाल्याला. वकिलानं पहिल्याच दिवशी ती समजूत काढून टाकली. दावा ज्यानं लावला त्यानं सिद्ध करायचं. आधी त्याचं म्हणणं, आधी त्याचे कागद, आधी त्याची साक्ष. समोरचा नुसता गप्प बसला तरी चालतं.

“म्हणजे मी खरा असून मलाच धावायचं?” मास्तरनं विचारलं.

“तुम्ही खरे आहात हे अजून कुणाला माहीत नाही ना,” वकील म्हणाले. “काळजी करू नका.”

काळजी करू नका म्हणणाऱ्या माणसाला काहीतरी काळजीचं ठाऊक असतं, हे मास्तरनं तिथंच मनात टिपून ठेवलं. शिवाय वकील पेनाच्या टोपणानं कान कोरायचे, आणि कोर्टाच्या व्हरांड्यात समोरच्या वकिलीणबाईंशी हसून बोलायचे. मास्तर खांबाआड उभा राहून ते हसणं मोजायचा. एकदा चार मिनिटं भरलं. दाव्याला येऊन जाऊन तारीख पडायची, आणि प्रत्येक तारखेला त्याला वाटायचं, पुकारा करणारा शिपाई आपलं नाव मुद्दाम हळू घेतो.

दाव्याला फ्रेमवाल्यानं जे लेखी उत्तर दिलं, ते वकिलानं त्याला वाचून दाखवलं. आठ कलमं मास्तरनं नाक उडवत ऐकली. नववं ऐकलं आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं. प्रतिवादी वीस वर्षांहून अधिक काळ त्या बोळातून हक्कानं ये-जा करत आहे, आणि सदर दरवाजाची एक किल्ली तेवढाच काळ त्याच्या ताब्यात आहे. ती किल्ली सीलबंद पाकिटात कोर्टात जमा केली आहे.

“परत वाचा,” मास्तर म्हणाला. वकिलानं परत वाचलं.

“कुलपाला लागते का ती?”

“लागते म्हणतात. तुम्ही दिली होती का कधी?”

मास्तरनं गळ्यातली दोरी मुठीत धरली. दुसरी किल्ली झालीच नाही, असं त्यानं सांगितलं, आणि सांगताना त्याचा आवाज जरासुद्धा हलला नाही, कारण त्याला ते पक्कं ठाऊक होतं. वकील खूश झाले. मग तेच आपलं म्हणणं, ते म्हणाले. किल्ली एकच, ती वादीकडं, समोरची चोरून केलेली. प्रतिज्ञापत्रावर ते तसंच चढलं आणि खाली मास्तरनं सही केली. ती जमा केलेली किल्ली बघायला मिळेल का, असं त्यानं विचारलं तेव्हा वकिलानं तिचा झेरॉक्स आणून दिला. कागदावर नुसता काळा आकार. दात कळत होते, ओरखडे नव्हते. अस्सल साक्षीच्या वेळी दिसेलच, असं वकील म्हणाले. अर्ज करायचं ते विसरले होते, हे मास्तरला पुढं कधीतरी कळलं.

त्या रात्रीपासून, खरं तर त्या घटकेपासूनच, मास्तरच्या डोक्यात एकच हिशेब फिरायला लागला. कुलूप बाहेरच्याला कळणारं नाही. म्हणजे किल्ली घरातल्यानं केली. बायकोला कानस कुठल्या बाजूनं धरतात तेही माहीत नाही. उरलं कोण?

त्याला एकेक आठवायला लागलं. मुलगी मागच्या वर्षी स्वतःचा एक फोटो चौकट करायला फ्रेमवाल्याकडं घेऊन गेली होती आणि परत यायला तिला अर्धा तास लागला होता. चौकट फुकट करून दिली, असं तिनंच सांगितलं होतं. का दिली? दावा लावायचा म्हटल्यावर तिनं तोंड वाकडं केलं होतं. आणि हल्ली मोबाइल वाजला की उठून बाहेर जायची. खरं म्हणजे दुकानात कानशीच्या आवाजात ऐकू यायचं नाही म्हणून ती बाहेर जायची, पण ते त्याला नंतर सुचलं.

त्यानं तिला काही विचारलं नाही. एका रविवारी दुकानाच्या आतल्या पेटीला, जिच्यात अवघड कुलपांचे नमुने असायचे, त्यानं नवं कुलूप ठोकलं. सोमवारी मुलगी आली, तिनं नेहमीसारखी पेटीची कडी ओढली. कडी आली नाही. तिनं कुलपाकडं बघितलं, मग बापाकडं. तो शेगड्यावर मान खाली घालून होता. ती कुठलं कुलूप कशाला लागतं हे ओळखण्यात त्याच्याहून कमी नव्हती. तिनं खिळ्यावरचा आपला कामाचा कोट काढला, आपल्या तीन कानशी फडक्यात गुंडाळल्या आणि निघून गेली. पंधरा दिवसांत सरकारी दवाखान्याच्या फाटकाशी तिनं टपरी टाकल्याचं बायकोनं सांगितलं. राहायलाही तिकडंच एक खोली घेतली.

“काय झालं तुम्हा दोघांत?” बायकोनं विचारलं.

“तिला विचार,” मास्तर म्हणाला.

“ती म्हणते तुम्हाला विचार.”

तीन वर्षं हे असं चाललं. बायको दर गुरुवारी लेकीकडं जाऊन यायची आणि मास्तर ती आल्यावर तिच्या पिशवीकडं बघायचा. दुकानात आता निम्मंच काम व्हायचं. बारीक दातांच्या किल्ल्या त्याला दिसेनाशा झाल्या होत्या, त्या तो परत पाठवायचा आणि गिऱ्हाईक म्हणायचं, दवाखान्यापाशी एक बाई छान करून देते. तेव्हा तो त्यांच्याकडं असा बघायचा, जणू त्यांनी टपरीचा पत्ता मुद्दाम काढलाय. पण गिऱ्हाईक गेलं की तिच्या हातची एक जुनी किल्ली तो खणातून काढायचा आणि भिंग लावून उजेडात धरायचा. आखूड, सरळ, एकमेकांना लागून. एवढा नीट हात, आणि तो आपल्याच कुलपावर चालला. दाव्यात बोळ मिळेल न मिळेल. ते पाकीट एकदा फुटावं, त्या किल्लीवर हे ओरखडे दिसावेत आणि सोक्षमोक्ष व्हावा, एवढ्याचसाठी तो आता तारखा करत होता. आणि मनाच्या एका कोपऱ्यात ते तिथं दिसू नयेत असंही त्याला वाटायचं. पण हे तो स्वतःशीसुद्धा बोलत नसे.

साक्षीचा दिवस आला. बायको म्हणाली, मी येते. कशाला, म्हणून त्यानं विचारलं नाही. नुसता जिना उतरताना दोनदा मागं बघितलं. कोर्टाची खोली लांबट, वर पंखा, एका भिंतीला छतापर्यंत बांधलेले कागदांचे गठ्ठे. न्यायाधीशबाईंना सर्दी झालेली, त्या दर थोड्या वेळानं रुमाल शोधायच्या. मास्तर पिंजऱ्यात उभा राहिला, खरं सांगेन म्हणाला आणि समोर बघितलं. शेवटच्या बाकावर बायको, आणि बायकोच्या शेजारी मुलगी.

हिला कुणी बोलावलं? समन्स काढलं असेल. फ्रेमवाल्याची साक्षीदार. मी केली किल्ली, फ्रेमवाल्या काकांनी सांगितली म्हणून केली, असं उभी राहून सांगणार. फ्रेमवाला त्याच बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसला होता, आणि दोघं एकमेकांकडं बघत नव्हते. न बघण्यासारखं काही असल्याशिवाय माणसं एवढी सरळ समोर कशाला बघतील?

समोरच्या वकिलीणबाई उठल्या. तरुण, आवाज गोड. गोड आवाजाचीही मास्तरला भीतीच.

किती वर्षं हा धंदा, त्यांनी विचारलं. त्या कुलपाची किल्ली एकच, असं तुमचं म्हणणं? एकच. दुसरी कधी केली नाही? नाही. कुणाला दिली नाही? नाही. प्रत्येक उत्तराला टाइप करणारा कारकून खडखड करायचा आणि न्यायाधीशबाई तेच वाक्य नीट करून सांगायच्या. “वादीनं दुसरी किल्ली कधीही तयार केलेली नाही.” असं मोठ्यानं ऐकल्यावर मास्तरला बरं वाटलं.

“हे कुलूप बाहेरच्या कारागिराला जमण्यासारखं नाही, असं तुम्हीच लिहून दिलंय,” वकिलीणबाई म्हणाल्या. “मग दुसरी किल्ली कोण करू शकेल?”

मास्तरनं गळ्यातली दोरी चाचपली.

“वादीनं उत्तर द्यावं,” न्यायाधीशबाई म्हणाल्या.

“करू शकेल एकजण.”

“कोण?”

“माझी मुलगी.”

खडखड झाली. मागच्या बाकावर मुलगी उठून उभी राहिली. ती बाहेर जाणार हे त्याला दिसलं. बायकोनं तिचं मनगट धरलेलंही दिसलं. ती बसली नाही, पण गेलीही नाही. तशीच उभी राहिली, हात बाकाच्या पाठीवर.

कारकुनानं पाकीट फोडलं. किल्ली वकिलीणबाईंकडं, त्यांच्याकडून मास्तरच्या तळहातावर. मास्तरनं सवयीनं खिशातलं भिंग काढलं आणि ती खिडकीच्या उजेडाकडं फिरवली.

ओरखडे आखूड नव्हते. सरळ नव्हते. मुलीचे नव्हतेच. त्याला एकदम हलकं वाटलं आणि लगोलग दुसरी शंका आली, मग हा कोण? ओरखडे लांब होते, पण डावीकडं झुकलेले. असा हात गावात कुणाचाच नव्हता. सुरुवातीला खोल, शेवटी थरथरलेले, जसं एखाद्यानं आयुष्यात पहिल्यांदाच कानस धरलीय. पण दातांचं माप बरोब्बर, केसाचाही फरक नाही. माप उस्तादाचं आणि हात नवशिक्याचा. तिसऱ्या खाचेशी कानस घसरून एक चर पडला होता, आणि त्या चरावर अंगठा गेला तशी मास्तरला त्या चराबरोबर तोंडातून निघालेली शिवी आठवली.

त्याचीच शिवी होती.

चोवीस वर्षांपूर्वी शटरची स्प्रिंग तुटली आणि शटर त्याच्या उजव्या हातावर आलं. चार हाडं मोडली. दोन महिने प्लास्टर. शटर वाकलेलं, दुकान उघडायचं ते मागच्या दारानं, आणि गिऱ्हाईक यायचं ते मागच्या रस्त्यावरून, बोळाच्या दरवाजातून. हा वर खाटेवर, गोळ्यांच्या गुंगीत. आणि रोज सकाळी दरवाजा उघडून, मागचं दार उघडून, दुकान झाडून, आलेल्या गिऱ्हाइकाला थांबवून धरायचा तो फ्रेमवाला. त्याच्यासाठी मास्तरनं डाव्या हातानं दोन किल्ल्या घासल्या होत्या. एक दुकानाच्या मागच्या दाराची, एक दरवाजाची. बरा झाल्यावर फ्रेमवाल्यानं किल्ली परत आणून दिली. उसनी दिलेली किल्ली परत आली की तिचे दात घासून सपाट करायचे, हा मास्तरचा नेम. त्यानं ती घासून सपाट केली, हात झटकले, आणि किल्ली परत आली, विषय मिटला, अशी मनात नोंद करून टाकली. परत आली होती ती दुकानाची. दुसरी मागायचीच राहिली. कुलूप तीनदा ओढणारा माणूस एक किल्ली मोजून दोन आल्या म्हणून बसला होता.

“ही किल्ली तुम्ही ओळखता का?” वकिलीणबाईंनी विचारलं.

त्याचे वकील बसल्या जागी अगदी बारीक मान हलवत होते, डावीकडून उजवीकडं. नाही म्हण. नाही म्हटलं असतं तर कुणाला कळणार होतं? हे ओरखडे वाचणारा खोलीत तो एकटाच होता. किल्ली चोरीची ठरली असती, लिहून दिलेलं सगळं खरं राहिलं असतं. आणि ती चोरी कुणाची, हे आताच कारकुनानं टाइप केलं होतं.

मुलगी अजून उभीच होती.

“ओळखतो,” मास्तर म्हणाला. “माझ्या हातची आहे. डाव्या हातची.”

वकिलीणबाईंनी त्याला परत सांगायला लावलं. त्यानं परत सांगितलं. “प्रतिज्ञापत्रात लिहिलंय ते चुकीचं आहे. मुलीचा काही संबंध नाही. तेही लिहा.”

“विचारलं नाही ते लिहिता येत नाही,” वकिलीणबाई म्हणाल्या.

“लिहा ते,” न्यायाधीशबाई रुमालातून म्हणाल्या.

वकिलीणबाई खाली बसल्या. पण त्यांच्या चेहऱ्यावर जिंकल्याचं काही नव्हतं, हे मास्तरनं पाहिलं आणि त्याला परत संशय आला. तेवढ्यात त्याचेच वकील लगबगीनं उठले. किल्ली का दिली, त्यांनी विचारलं. मास्तरनं शटरचं सांगितलं, हाताचं सांगितलं. म्हणजे तुमच्या परवानगीनं दिली? हो. काम संपल्यावर परत यायची होती? हो. वकील बसले तेव्हा त्यांचा चेहरा फुलला होता.

व्हरांड्यात त्यांनी मास्तरला खांबाशी ओढलं. परवानगीनं वापरली की तो हक्क होत नाही, कितीही वर्षं जाऊ देत. समोरच्यांचं सगळं त्या किल्लीवर उभं होतं. ती कुणी दिली हे त्यांनी मुद्दाम लिहिलंच नव्हतं. आता आपलं पारडं जड आहे.

“मग तुम्ही मान कशाला हलवत होता?” मास्तरनं विचारलं.

“मला काय माहीत तुम्ही दिली होती! तीन वर्षं मला म्हणताय, एकच किल्ली.” वकिलानं टोपण कानाकडं नेलं आणि परत खिशात ठेवलं. “काळजी करू नका.”

फ्रेमवाला पायऱ्यांवर उभा होता. तीन वर्षांत दोघं इतक्या जवळ आले नव्हते. मास्तरनं आधी त्याच्या मागं कुणी आहे का ते पाहिलं.

“तुला आठवत होतं?”

“होतं की,” फ्रेमवाला म्हणाला. “खिळ्यांच्या डब्यात सापडली, तेव्हाच आठवलं. वकील म्हणाली, विचारल्याशिवाय बोलायचं नाही.” तो थोडा थांबला. “आणि तू तरी कुठं विचारलंस, मास्तर? ते खोके उचलायला मी दोन माणसं सांगितली होती. तोवर तुझी नोटीस आली. मग म्हटलं, राहू देत.”

मास्तर एक पायरी उतरून त्याच्या शेजारी उभा राहिला.

“शुक्रवारी काच येतेय,” फ्रेमवाला म्हणाला. “हाक मारू?”

“हाक मार. किल्ली कोर्टातच अडकलीय तुझी.”

बायको फाटकाशी एकटीच थांबली होती. मुलगी निघून गेली होती. ती कशाला आली होती, हे मास्तरनं बायकोला विचारलं. असं सरळ विचारायची त्याला सवय नव्हती. बायको म्हणाली, “मीच आणली. पिंजऱ्यात उभे राहाल, चक्कर आली तर मी एकटी काय करणार होते?”

तो दवाखान्याच्या रस्त्यानं चालायला लागला. दुपार टळली होती. टपरी पत्र्याची, पुढं फळी, फळीवर छोटा शेगडा. मुलगी एका नर्सच्या कपाटाची किल्ली घासत होती. नर्स जाईस्तोवर तो बाजूला उभा राहिला. नर्स गेली तरी मुलीनं वर पाहिलं नाही.

“मी कोर्टात तुझं नाव घेतलं,” तो म्हणाला.

“ऐकलं.”

“ते खोडता येत नाही म्हणे. टाइप झालंय.”

“पुढचंही टाइप झालंय.” तिनं फळीवरची पितळेची पूड हातानं गोळा केली. “डाव्या हातची म्हणालात तेव्हा माझ्या लक्षात आलं. मी धरली होती ती किल्ली. आठ वर्षांची होते. तुम्हाला एका हातानं शेगडा आवळता यायचा नाही, म्हणून मी चिमट्यानं धरायची. कानस घसरली तेव्हा तुम्ही शिवी दिली आणि आई वरून ओरडली, पोरीसमोर काय बोलताय. दोन किल्ल्या केल्या होत्या. मला दोन्हीही आठवतात.”

मास्तर फळीवर हात टेकून उभा राहिला. तीन वर्षं ज्या एका गोष्टीसाठी त्यानं झोप घालवली, ती इथं दहा मिनिटांच्या वाटेवर या पोरीपाशी होती, सबंध, शिवीसकट. मग त्यानं गळ्यातली दोरी डोक्यावरून काढली. मानेवर दोरीचा पांढरा वळ होता. पेटीचं कुलूप आजच काढतो, तो म्हणाला. तू ये किंवा येऊ नकोस, पण दुकानाची किल्ली तुझ्याकडं असू दे. घराचीही कर. तुझी तूच कर, माझ्या डोळ्यांना आता ते दात दिसत नाहीत.

मुलीनं दोरीकडं बराच वेळ पाहिलं. येते असं ती म्हणाली नाही. टपरी मी बंद करणार नाही, एवढं मात्र म्हणाली. मग तिनं दोरीची गाठ सोडली, घराची किल्ली वेगळी काढून शेगड्यात आवळली, आणि खालच्या डब्यात हात घालून त्याच मापाच्या कोऱ्या किल्ल्या काढल्या. दोन. एक शेजारी दुसरी, फळीवर.

मास्तरची नजर त्या दुसऱ्या किल्लीवर जाऊन बसली. दोन कशाला? तिची एक झाली. ही कुणाची? आणि आपण बोललो एक आणि हिनं काढल्या दोन, हे आधीच ठरलेलं तर नव्हतं? मनात पाल चुकचुकायला लागली, नेहमीच्या जागी, नेहमीच्या आवाजात. तीन वर्षांपूर्वीचा मास्तर असता तर त्यानं नुसतं पाहिलं असतं, आणि घरी जाऊन जिन्याच्या दाराला नवं कुलूप ठोकलं असतं.

“दुसरी कुणाला?” त्यानं विचारलं.

मुलीनं कानस उचलली.

“आईला,” ती म्हणाली, आणि घासायला लागली.